दसऱ्याला ट्रेलर घ्यायचाय, भाव कसा करू?

गेल्या अंकात मी ट्रॅव्हल ट्रेलर, म्हणजे गाडीमागे जोडून ओढायचं चाकांवरचं घर, घेऊन फिरण्याबद्दल लिहिलं होतं, कुठे जायचं, मुलांना कसं न्यायचं वगैरे. त्यावर आलेल्या पत्रांमध्ये फिरण्यापेक्षा किमतीचेच प्रश्न जास्त आहेत. मला ते पटलं, कारण घरानंतर आणि गाडीनंतर एवढी मोठी रक्कम आपण दुसऱ्या कशावर घालतो? आमच्याकडे आता तिसरा ट्रेलर आहे आणि पहिल्या वेळी मी चांगलीच फसले होते, त्यामुळे या विषयावर मला मनापासून सांगायचंय. म्हणून या वेळचं सदर पूर्ण भावतावावर.

प्रश्न: ताई नमस्कार. आम्ही प्लेनो, टेक्सासला असतो. मी, नवरा, दोन मुलं, आणि सासूबाई वर्षातले सहा महिने इकडे असतात, म्हणून बंक बेडवाला 26 फुटी ट्रेलर बघितला. स्टिकरवर 41,900 डॉलर आहे, सेल्समन म्हणाला तुमच्यासाठी 36,500 आणि हा भाव फक्त रविवारपर्यंत. सासूबाईंची फार इच्छा आहे की दसऱ्याला दारात यावा. 36,500 हा भाव चांगला आहे का? अजून कमी मागायला मला संकोच वाटतो.

उत्तर: आधी संकोचाचं बोलू. ट्रेलरच्या धंद्यात भाव करणं हा रिवाज आहे, कुणाला वाईट वाटत नाही, स्टिकरवरचा आकडाच घासाघीस होणार हे धरून टाकलेला असतो. आणि कारच्या स्टिकरसारखा तो स्टिकर नाही हो. अमेरिकेत नव्या कारच्या खिडकीवर किमतीचा स्टिकर लावणं 1958 च्या कायद्याने बंधनकारक आहे, ट्रेलरला तो कायदा लागूच नाही. त्यामुळे इथे स्टिकर म्हणजे फक्त बोलणं सुरू करायचा आकडा.

नव्या ट्रॅव्हल ट्रेलरला स्टिकरवर 20 ते 30 टक्के सूट मागायची असा जुन्या जाणत्या लोकांचा आडाखा आहे, आणि माझा अनुभवही तसाच आहे. तुमचे 36,500 म्हणजे जेमतेम 13 टक्के झाले. 25 टक्के धरले तर 31,425 होतात आणि 30 धरले तर 29,330. मी असते तर 29,000 पासून सुरुवात केली असती आणि 31,500 ला मिळाला तर समाधानाने घेतला असता. हा आडाखा दर वर्षी चालतोच असं नाही बरं का, 2021 मध्ये कोविडमुळे सगळ्यांनाच ट्रेलर हवा होता, त्या एका वर्षात सहा लाखांवर आरव्ही (राहायची सोय असलेली वाहनं, ट्रेलर त्यातच आले) कारखान्यांतून बाहेर पडल्या आणि तेव्हा डीलर एक डॉलर कमी करायला तयार नव्हते. 2023 मध्ये तोच आकडा 3 लाख 13 हजारांवर आला. तेव्हा कुणी तुम्हाला म्हटलं की आमच्याकडे तर सूट मिळालीच नाही, तर त्यांनी कुठल्या साली घेतला ते विचारा.

आता खरा मुद्दा. तुमच्यापुढे जो ट्रेलर आहे तो त्या लॉटवर, म्हणजे डीलरच्या आवारात, किती दिवस उभा आहे? डीलर ट्रेलर स्वतःच्या पैशाने आणत नाही, बँकेच्या कर्जावर आणतो, आणि विकला जाईपर्यंत त्या एकेका ट्रेलरवर त्याचं व्याज चालू असतं, शिवाय फार दिवस पडून राहिला की बँक मुद्दलही थोडी थोडी परत मागायला लागते. म्हणजे जितका जुना माल तितकी त्याला घाई. आणि हे तुम्हाला कुणाला न विचारता कळतं! ट्रेलरच्या बाहेरच्या अंगाला, ड्रायव्हरच्या बाजूला, पुढच्या भागात एक छोटा स्टिकर असतो, त्यावर सतरा अक्षरांचा व्हीआयएन (वाहनाचा ओळख क्रमांक), एकूण वजनाची मर्यादा आणि बनवल्याचा महिना आणि वर्ष छापलेलं असतं. जाल तेव्हा गुपचूप त्याचा फोटो काढा. आठ-दहा महिन्यांपूर्वीची तारीख निघाली, आणि पुढच्या सालचं मॉडेल शेजारी येऊन उभं राहिलं असेल, तर तुमच्या बोलण्याला एकदम वजन येतं.

त्यानंतर लॉटवर उभं राहून तोंडी काही ठरवू नका. घरी या, तोच मेक, तेच मॉडेल, तेच साल शोधून दोन-अडीचशे मैलांतल्या चार डीलरना ईमेल करा. फार लिहायचं नाही. हा ट्रेलर मी या महिन्यात घेणार आहे, पैशांची सोय झालेली आहे, टॅक्स, टायटल (मालकीचा कागद), नोंदणी, फ्रेट (वाहतूक), प्रेप (ताब्यात देण्याआधीची तयारी), डॉक फी (कागदपत्रांचा खर्च) सगळं धरून मला दारातून बाहेर पडतानाचा आकडा लेखी पाठवा, बस एवढंच. याला इकडे आउट द डोअर प्राइस म्हणतात आणि तुम्ही भाव करायचा तो फक्त याच आकड्यावर. दोघं उत्तरच देणार नाहीत, एकजण फोन करा म्हणेल, पण एकजण आकडा पाठवतो. तो आकडा घेऊन तुमच्या जवळच्या डीलरकडे जायचं आणि म्हणायचं, मला तुमच्याकडूनच घ्यायचाय कारण पुढे सर्व्हिसला तुमच्याकडेच येणार, याच्या जवळपास येता का? हे खोटं पण नाही, कारण वॉरंटीच्या कामाला डीलर आपल्याकडून घेतलेल्या गिऱ्हाइकाला आधी नंबर देतात, लांबून स्वस्तात आणला तर महिनोन्महिने थांबावं लागू शकतं. पाचशे डॉलरसाठी मी तरी तीन राज्यं ओलांडून जाणार नाही. चार हजार वाचत असतील तर जाईन. टॅक्स मात्र कुठूनही आणला तरी तुमच्याच राज्याचा पडतो, टेक्सासचा 6.25 टक्के. 31,500 वर तो 1,969 डॉलर होतो, वर टायटल आणि नोंदणीचे थोडे, म्हणजे सगळं मिळून 34,000 च्या आत बसायला हवं. हा हिशोब कागदावर लिहून पर्समध्ये ठेवा.

आउट द डोअरवर मी एवढी का अडून बसते ते सांगते. आमचा पहिला ट्रेलर 2018 चा. किंमत 21,500 वर ठरली, मी खूश, आईला पुण्याला फोन करून सांगितलं पण की मी चार हजार कमी करून घेतले. मग कागदांच्या खोलीत नेलं. संध्याकाळचे सात वाजलेले, लेक माझ्या मांडीवर झोपलेली, आणि समोरचा माणूस एकेक कागद पुढे सरकवतोय, हे फ्रेट, हे प्रेप, हे टायरमध्ये नायट्रोजन, हे कापडाला डाग पडू नये म्हणून स्प्रे, हे टायर फाटले तर त्याचं कव्हर. सहा डॉलर महिन्याला वाढतील, अकरा वाढतील, असं तो सांगायचा आणि मी सही करत गेले. घरी येऊन बेरीज केली तर 3,100 डॉलर परत त्यांच्याकडे गेलेले. भाव करून मिळवलेलं बहुतेक सगळं त्या खोलीत अर्ध्या तासात गेलं, आणि चूक एवढीच की मी ट्रेलरच्या किमतीवर भाव केला, बाहेर पडण्याच्या आकड्यावर नाही.

रविवारपर्यंतच भाव, त्याचं काय? सोमवारी ट्रेलर तिथेच असतो. कधीमधी खरंच विकला जातो, हे मान्य, पण तसाच दुसरा इंडियानातल्या एल्कहार्टच्या आसपास रोज बनतोय, अमेरिकेतल्या बहुतेक आरव्ही त्याच पट्ट्यात बनतात.

आणि दसरा. सासूबाईंचा मुहूर्त या वेळी तुमच्या बाजूने आहे! ट्रेलरचा बाजार सप्टेंबर संपला की थंडावतो, उत्तरेत तर ऑक्टोबर ते फेब्रुवारी लॉटवर चिटपाखरू नसतं. दसरा आणि दिवाळीचा पाडवा नेमके याच दिवसांत येतात. उलट गुढीपाडवा आणि अक्षय्य तृतीया येतात तेव्हा सगळी अमेरिका उन्हाळ्याच्या तयारीला लागलेली असते आणि डीलर ताठ असतो. फक्त एक करा, दसऱ्याची गोष्ट सेल्समनच्या कानावर जाऊ देऊ नका. तुम्हाला ठरावीक तारखेला हवाच आहे हे कळलं की तुमचा भाव तिथेच थांबला. दसऱ्याला जमलं नाही तर पाडव्याला आणा, तोही साडेतीन मुहूर्तांतलाच.

प्रश्न: न्यू जर्सीहून लिहितोय. डीलरने 15 वर्षांचं लोन दिलंय, 30,000 वर 8 टक्के, महिन्याला 287 डॉलर पडतात आणि ते आम्हाला सहज जमतं. मग किमतीवर एवढी मारामारी कशाला? शिवाय तो म्हणाला व्याजावर टॅक्समध्ये सूट मिळते.

उत्तर: दादा, 287 ला 180 महिन्यांनी गुणा. 51,600 च्या वर जातात. म्हणजे व्याजाचेच 21,600. तेच कर्ज 10 वर्षांचं केलं तर हप्ता 364 होतो, महिन्याला 77 जास्त, पण एकूण 43,700 च्या आत संपतं. हप्त्यावर बोलणं सुरू झालं की किंमत नजरेआड होते, आणि सेल्समनचा पहिलाच प्रश्न असतो महिन्याला किती जमेल. याचं उत्तर देऊच नका. ते आम्ही आमचं बघतो, तुम्ही पूर्ण किंमत सांगा, एवढं म्हणा.

ते 8 टक्के पण अंतिम समजू नका. बँक डीलरला एक दर देते आणि डीलर त्यावर थोडा स्वतःचा वाढवून तुम्हाला सांगू शकतो. जायच्या आधी तुमच्या क्रेडिट युनियनकडून (सभासदांच्या पतसंस्थेकडून) मंजुरीचं पत्र घेऊन ठेवा, मग त्याला म्हणा याच्यापेक्षा कमी दे तर तुझं घेतो. बऱ्याचदा देतो सुद्धा. कारण त्याला लोनवरही पैसे मिळतात, आणि म्हणूनच सुरुवातीलाच रोख देणार असं सांगायची घाई करू नका, किंमत लेखी ठरेपर्यंत पैसे कुठून देणार हा विषयच काढायचा नाही.

टॅक्सचं तो बोलला ते खोटं नाही. झोपायची, स्वयंपाकाची आणि टॉयलेटची सोय असलेला ट्रेलर दुसरं घर म्हणून धरता येतो आणि लोन त्या ट्रेलरवरच असेल तर व्याजाची वजावट मिळते, पण ती फक्त वजावटी एकेक करून दाखवणाऱ्यांना. आपल्यातले बहुतेकजण स्टँडर्ड डिडक्शन, म्हणजे सरसकट ठरलेली वजावट, घेतात, त्यांना याचा एक पैसा फायदा नाही. तुमच्या टॅक्सवाल्याला विचारा आणि त्या भरवशावर किंमत वाढवून देऊ नका. आणि ट्रेलर घरासारखा वाढत नाही हो, लॉटवरून बाहेर पडल्या पडल्या त्याची किंमत घसरते. 15 वर्षांच्या कर्जात पहिली कितीतरी वर्षं ट्रेलरच्या किमतीपेक्षा देणं जास्त राहतं, मध्येच विकावा लागला तर खिशातले घालून विकायचा.

प्रश्न: मी मिशिगनला असते. एका गृहस्थांचा आठ वर्षं जुना ट्रेलर बघितला, 14,000 सांगताहेत. डीलर नाही, घरगुती माणसं आहेत. अशा ठिकाणी किती कमी मागावं? त्यांना वाईट वाटेल का?

उत्तर: घरगुती माणसाशी टक्केवारीने बोलू नका. तिथे स्टिकर नसतो, आठवणी असतात. मुलांच्या उंचीच्या खुणा दाराच्या चौकटीवर केलेल्या असतात आणि तुम्ही एकदम दहा हजार म्हटलं की माणूस मिटून जातो. तिथे भाव करायचा तो ट्रेलरकडे बोट दाखवून.

आमचा दुसरा ट्रेलर असाच घेतला, ओहायोतल्या एका वयस्कर जोडप्याकडून. मागणी 13,500 ची. माझा नवरा एक तास काही न बोलता ट्रेलर बघत होता. टायरवर डीओटी या अक्षरांच्या पुढे जो नंबर असतो त्याचे शेवटचे चार आकडे म्हणजे बनवल्याची तारीख, तिथे 2314 होतं, म्हणजे 2014 सालचा तेविसावा आठवडा. टायरची नक्षी अगदी नवी दिसत होती, पण ट्रेलरचे टायर झिजून नाही, वयाने जातात, पाच-सहा वर्षांनी बदलायचेच. मग तो आत गेला, पलंगाच्या वरचं कपाट उघडलं, आणि कोपऱ्यातल्या भिंतीवर अंगठा दाबला. बाकी भिंत टणक आणि तिथे मात्र अंगठा आत गेला, भिजलेल्या पुठ्ठ्यासारखा, आणि वरच्या कागदाला बारीक सुरकुती आली. बाहेर येऊन त्याच कोपऱ्याच्या वर छतावर चढला तर सीलंटला केसाएवढी चीर. तिथून पाणी झिरपत होतं, मालकांना पत्ताच नव्हता. त्या आजी इतक्या ओशाळल्या की मलाच वाईट वाटलं.

आम्ही त्यांच्यासमोरच हिशोब मांडला, चार टायर इतके, कोपरा उघडून दुरुस्त करायचे इतके, बॅटरी मेलेली तिचे इतके. बेरीज 2,600 झाली. आम्ही 10,900 म्हटलं, आजोबांनी 11,200 मागितले आणि सोबत होज, लेव्हलिंगचे ठोकळे आणि वजन वाटून घेणारा हिच (गाडी आणि ट्रेलरमधला जोड) देऊन टाकला, जो नवा घ्यायला पाच-सहाशे लागतात. कुणाचंच मन दुखलं नाही.

पण एक गोष्ट. बाहेरच्या फायबरग्लासच्या भिंतीला फुगवटा आला असेल, तिरक्या उजेडात बघितलं तर लाट दिसते, किंवा दाराजवळची जमीन पायाखाली दबत असेल, तर भाव करू नका, निघून या. तसा ट्रेलर निम्म्या किमतीतही महाग पडतो. पैसे देण्याआधी टायटलवरचा व्हीआयएन आणि ट्रेलरवरचा व्हीआयएन जुळवून बघा आणि त्यावर कुणाचं कर्ज नाही ना तेही. मिशिगनला थंडीत बघणार असाल तर पाणी चालू करून बघता येत नाही, तेवढा धोका किमतीतून वजा करायला सांगा.

प्रश्न: आमच्याकडे टोयोटा हायलँडर आहे. सेल्समन म्हणतो आरामात ओढेल. खरंय का?

उत्तर: पेट्रोलवाली असेल तर मर्यादा जास्तीत जास्त 5,000 पाउंड, हायब्रिड असेल तर 3,500, तुमच्या गाडीचं साल आणि इंजिन बघून खात्री करा. आणि ब्रोशरमधलं रिकामं वजन धरू नका, पाणी, सामान, गॅस भरल्यावरचं धरा. त्याहून महत्त्वाचं म्हणजे ड्रायव्हरचं दार उघडल्यावर खांबावर एक पिवळ्या पट्टीचा स्टिकर असतो, माणसं आणि सामान मिळून किती वजन चालेल ते त्यावर लिहिलंय. ट्रेलरच्या वजनाचा 10 ते 15 टक्के भार हिचवर येतो आणि तो या आकड्यातूनच जातो. पाच माणसं बसली की फार काही उरत नाही. पहिल्या पत्रातल्यासारख्या 26 फुटी बंकवाल्या ट्रेलरचा विचार सोडा, लहान बघा. ट्रेलरवर सहा हजार वाचवले आणि ओढायला पन्नास हजारांचा ट्रक घ्यावा लागला तर त्या भाव करण्याला अर्थ नाही. हे मी पहिल्या भेटीच्या आधी बघायला सांगते, नंतर नाही.

प्रश्न: सही केली आणि मन बदललं तर तीन दिवसांत परत करता येतो ना?

उत्तर: नाही! हा गैरसमज आपल्या लोकांत फार आहे. तीन दिवसांचा जो केंद्रीय नियम आहे तो मुख्यतः घरी येऊन विकणाऱ्यांसाठी आहे, डीलरच्या दुकानात जाऊन केलेल्या खरेदीला लागत नाही. टोकन द्यायचं असेल तर पाचशेच्या वर देऊ नका, क्रेडिट कार्डावर द्या, आणि पावतीवर परत मिळेल असं लिहून घ्या.

प्रश्न: भाव ठरलाय, आउट द डोअर लेखी मिळालंय, पुढच्या शनिवारी ताब्यात मिळणार. आता काही बघायचं राहतं का?

उत्तर: राहतं, आणि हे पण भावाचंच काम आहे. उरलेल्या रकमेचा चेक पर्समधून काढायच्या आधी तपासायचं असतं, त्यासाठी तीन तासांचा वेळ काढून जा, ते वीस मिनिटांत दाखवून किल्ली देतील. ट्रेलर पाण्याला आणि विजेला जोडायला लावा. नळ सगळे सोडा, सिंकखालचं दार उघडून टॉर्चने पाइपचे सांधे बघा, हात फिरवा, ओल लागते का. फ्रिज गॅसवरही चालणारा असेल तर दोन्हीवर लावून बघा, तो गार व्हायला तास लागतात म्हणून आदल्या संध्याकाळीच चालू करून ठेवायला फोन करा. एसी, हीटर, गीझर, स्लाइड (भिंतीचा बाहेर सरकणारा भाग) आत-बाहेर दोनदा, ऑनिंग (बाहेरचं कापडी छत), सगळी दारं. नवा आहे म्हणून सोडू नका, नव्यातच जास्त निघतं. जे बिघडलेलं निघेल ते आत्ताच दुरुस्त करून द्या म्हणा, आणि भाग मागवावा लागणार असेल तर बिलावरच यादी लिहून, तारीख घालून, मॅनेजरची सही घ्या. नंतर करून देतो हे तोंडी शब्द चेक दिल्यावर कुणाला आठवत नाहीत, आमच्या तिसऱ्या ट्रेलरच्या वेळी बाथरूमच्या पंख्याचं झाकण मी असं सही करून घेतलं होतं म्हणून सहा आठवड्यांनी तरी मिळालं.